लाक्रिसचा घास

नुकत्याच जन्मलेल्या उंदराच्या पिल्लाची कातडी इतकी पातळ असते, की पोटातलं दूध बाहेरून दिसतं. डाव्या बरगड्यांच्या खाली एक पांढरा डाग, साधारण तांदळाच्या दाण्याएवढा. गोठवण्याआधी ते आईला प्यालं होतं, एवढाच त्याचा अर्थ. माझ्या स्वयंपाकघरात, कोमट पाण्याच्या कपात ते पाठीवर तरंगत होतं आणि तो डाग वर आला होता.

"झालं का गं?" तोराने विचारलं. तोरा माझी मुलगी, बारा वर्षांची. हनुवटी टेबलावर टेकवून ती कपाकडे बघत बसली होती.

"मधे अजून गार आहे."

"तुला कसं कळतं?"

"दाबून."

"शी! आई!"

"साप तुझा आहे."

मी पिल्लू किचन पेपरवर कोरडं केलं, मानेमागे चिमट्यात धरलं आणि काचेच्या पेटीचं झाकण सरकवलं. लाक्रिस झाडाच्या सालीखालून डोकं तेवढं बाहेर काढून होता. पेन्सिलीएवढा जाड, राखाडी रंगाचा, पाठीवर काळे ठिपके. इथल्या मुलांना आवडणाऱ्या काळ्या खारट गोळ्यांवरून तोराने त्याचं नाव ठेवलं होतं. मी ते पिल्लू त्याच्या नाकासमोर नाचवलं. जिवंत वाटलं पाहिजे, असं सगळे सांगत. पिल्लाचं डोकं लुळं पडून इकडून तिकडे हलत होतं आणि मिटलेल्या डोळ्यांचे दोन निळसर फुगवटे एकदा माझ्याकडे, एकदा तोराकडे वळत होते. लाक्रिसने मान मागे घेतली, शेपटी थरथरवली, पिल्लाच्या गालावर एक टोला हाणला आणि तो सालीखाली पळाला.

"आत ठेव ना तसंच," तोरा म्हणाली. "कुणी बघत नसताना खाईल."

मी ठेवलं. सकाळपर्यंत पेटीतल्या उबेने पिल्लू करडं पडलं होतं, पोट फुगून हिरवं झालं होतं. उचलायला गेले तर अर्धं सालीलाच चिकटून राहिलं. मी ते नाश्त्याआधी सुरीने खरवडलं, मग सुरीसकट पिशवीत बांधून खाली कचऱ्यात टाकून आले.

मला सहसा कशाची किळस येत नाही. मी शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत आहे. सांडपाण्यातले जंतू मी बशांमध्ये वाढवते, मोजते आणि हात धुऊन डबा खाते. पण तिथे प्रत्येक गोष्टीला तिची जागा असते. माझ्या फ्रीझरमध्ये मात्र लाल बेरींच्या पिशवीला खेटून आइस्क्रीमचा एक डबा होता आणि त्यात शेंगांसारखी गुलाबी पिल्लं रचलेली होती. बेरी काढताना दरवेळी माझी बोटं त्या डब्याला लागत, आणि मग बेरी तशाच परत ठेवल्या जात.

आमच्या घटस्फोटाचं लोक कौतुक करायचे. हेनिंग आणि मी भांडलो नाही. एक आठवडा तोरा माझ्याकडे, पुढचा त्याच्याकडे, दर शुक्रवारी संध्याकाळी बदल. अर्धी शाळा अशीच राहते, त्यात काही विशेष नाही. आम्ही ते जरा जास्तच नीट करत होतो, एवढंच. दोन टूथब्रश, दोन उशा, बर्फात घालायच्या दोन विजारी. बाराव्या वाढदिवसाला तोराने साप मागितला, तेव्हा एकाने दिला असता तर दुसरा मागे पडला असता. म्हणून दोघांनी मिळून एकच दिला. काचेच्या पेट्या मात्र दोन घेतल्या, एका मापाच्या, एकाच दुकानातून. हेनिंग शाळेत सुतारकाम शिकवतो. त्याने साप ने-आण करायला बर्च लाकडाची पेटी केली. तिचे सांधे इतके सुरेख होते की पाहुणे हात फिरवून बघायचे. तोरा शुक्रवारी दप्तर, गिटार आणि लाक्रिस घेऊन घर बदलायची.

वाढदिवसाच्या केकभोवती बसलो असताना फक्त योन्ना बोलली. योन्ना म्हणजे हेनिंगची आताची जोडीदार.

"त्याला एका जागी ठेवलेलं बरं नाही का? एवढासा तर जीव."

"चालेल," तोरा लगेच म्हणाली. "पण मग तो राहील तिथेच मी राहणार. दोन्ही आठवडे. आता माझं ऐकावं लागतं, बाईंनी सांगितलंय."

सगळे हसले. मी पण हसले. पण तोरा एकदा म्हणाली की म्हणाली, हे मला माहीत होतं. आणि बारा वर्षांच्या मुलाचं म्हणणं इथे कोणी सहजी मोडीत काढत नाही, हेही. साप कुठे ठेवायचा, असा प्रश्न कुणी सरळ विचारला असता तर उत्तर ठरलेलं होतं. माझं घर एका खोलीचं आणि स्वयंपाकघराचं. पेटी ठेवायला एकच भिंत, आणि तिच्या पलीकडे लिफ्ट. लिफ्ट हलली की लाक्रिसच्या पाण्याच्या वाटीत गोल तरंग उठतात. हेनिंगकडे मागच्या अंगणाच्या बाजूला एक रिकामी, शांत खोली आहे.

म्हणून मला तो साप माझ्या हातून, या चालू व्यवस्थेतच, खाता व्हायला हवा होता. कसाही.

शुक्रवारी हेनिंग दारात आला की त्याचा पहिला प्रश्न तोच.

"खाल्लं महाराजांनी?"

"नाही."

"माझ्याकडे पण नाही. मागच्या वेळी योन्ना स्वयंपाकघर सोडून तिच्या बहिणीकडे जाऊन बसली. भाजीचा चिमटा वापरलास म्हणाली."

"भाजीला चिमटा कशाला लागतो?"

"तेच मी विचारलं. त्यावर आणखी एक तास गेला." तो बूट न काढता दारातच उभा राहिला. "दीसा, या वेळचा उंदीर तू कशात गुंडाळलायस? मागच्या वेळी गाडीतच वितळला. सीटला वास आहे अजून."

"बर्फाच्या पिशवीत घातलाय. तुमच्या फ्रीझरमध्ये दोन ठेवून दिले तर ही भानगडच नको."

"योन्नाच्या फ्रीझरमध्ये? मेलेलं जनावर?" तो हसला. "तू ये आणि ठेव. मी रस्त्यात उभा राहून बघतो."

तोरा दोन्ही हातांनी बर्चची पेटी धरून बाहेर आली. "हळू बोला," ती म्हणाली. "तो घाबरतो. आई, नेटवर लिहिलंय की सापाच्या पिल्लांना सारखं हलवलं तर ती खात नाहीत."

हेनिंगने माझ्याकडे पाहिलं. विज्ञानाचे सगळे प्रश्न आमच्यात माझ्याकडे येतात.

"नेटवर काय वाटेल ते लिहितात," मी म्हणाले. "पेटी गरम ठेवली की झालं."

तोराने मान डोलावली. ती माझ्यावर लगेच विश्वास ठेवते.

पुढच्या दिवशी मी बसने सिक्स्टनकडे गेले. लाक्रिस त्याच्याच तळघरात अंड्यातून निघाला होता. सत्तरी ओलांडलेला, गोल पोटाचा, मोठ्या आवाजाचा माणूस. तळघरात शिरताच वास नाकाला धडकला. लाकडाचा भुसा, उंदरांचं मूत आणि त्यात दालचिनी. भिंतीभर खणांमध्ये साप, खालच्या डब्यांमध्ये त्यांचं खाद्य, अजून जिवंत. सिक्स्टनने एका डब्याच्या झाकणावर थर्मास आणि बन मांडले. झाकणाखाली काहीतरी सतत कुरतडत होतं.

"बस की. बन घे, बायकोने आजच केलेत."

"आधी सांग, काय करू."

"काही पिल्लं अशीच असतात. जगायचं की नाही, हे त्यांचं अजून ठरलेलं नसतं."

"त्यांचं तू काय करतोस?"

"दुसऱ्या सापाला घालतो," सिक्स्टन म्हणाला आणि त्याने बनचा मोठा घास घेतला. "तुझ्या मुलीला सांगू नकोस. बरं, जागा कशी आहे? ऊब?"

"बरोबर आहे. रोज तपासते."

"लपायला?"

"आहे."

"आणि एका जागी असतो ना? कुठे नेत-आणत नाहीस? नवीन जागी पिल्लू आठवडाभर तोंड उघडत नाही. त्याला वाटतं आपल्याला कुणीतरी उचलून नेलं. आपण कुणाच्या तोंडात असताना तुला भूक लागेल का?"

"एकाच जागी असतो," मी म्हणाले.

प्रयोगशाळेत मी आजवर एकही आकडा खोटा लिहिलेला नाही. इथे काही लिहायचं नव्हतं, त्यामुळे ते फार सोपं गेलं.

"मग वासाचा प्रश्न आहे," तो खुशीत म्हणाला. खोट्या माहितीवर त्याने खरा सल्ला द्यायला सुरुवात केली. "पहिल्यांदा डब्यातल्या माशाचं पाणी लाव. नाही चाललं तर हे घे." फ्रीझरमधून त्याने एक पुडी काढली. आत वाळलेल्या मिरचीसारखी आखडलेली पाल होती, तोंड उघडं. "उंदीर साबणाने धू, कोरडा कर आणि हिच्यावर घास. लहानपणी त्यांना पालीच आवडतात."

"आणि तेही नाही चाललं?"

"मग सुई. कवटीला भोक पाड, दाब, आतलं जरा बाहेर येऊ दे आणि नाकातोंडाला फास. त्या वासाने वेडे होतात."

"तू हे खाता खाता सांगतोयस."

"आणि तू अजून घेतला नाहीस. घे गं, गार होतायत."

मी बन घेतला. त्याने तो त्याच बोटांनी उचलून माझ्या हातात दिला होता. घरी येताना बसमध्ये तो पिशवीत होता आणि पाल दुसऱ्या पिशवीत. उतरताना कचऱ्याच्या डब्यात मी पालीची पिशवी टाकणार होते. पण हाताने बनची टाकली.

माशाचं पाणी लावलेलं पिल्लू लाक्रिसने हुंगलंसुद्धा नाही. त्यानंतर दोन दिवस घराला बंदरावरच्या गटारासारखा वास येत होता. पालीचा प्रयोग तोरा पुढच्या वेळी माझ्याकडे आली तेव्हा केला. नाकाला रुमाल बांधून मी ते पिल्लू भांड्याच्या साबणाने धुतलं. ओली, केस नसलेली, बोटाखाली सुरकुतणारी कातडी. कोमट पाण्यात ती माझ्याच तळहातासारखी लागत होती. मग पालीवर घासलं. पालीचे खवले सुटून पिल्लाला चिकटले, एक पाय मोडून माझ्या बाहीत गेला.

"आई, तुझ्या बाहीत पाय आहे."

"माहीत आहे."

"काढ ना!"

"हात रिकामा नाहीये. तू काढ."

"मी? मी नाही बाबा!" तोरा खुर्चीवर पाय घेऊन बसली आणि हसत सुटली. मग हसता हसताच तिने पेटीत पाहिलं आणि पाय खाली सोडले. लाक्रिसच्या पाठीचा कणा आता दिसायला लागला होता. आधी गोल असलेलं अंग वरून घराच्या छपरासारखं उतरतं झालं होतं. किचनच्या काट्यावर त्याचं वजन एका पत्राएवढं भरलं.

"तो मरणार आहे का?"

"नाही."

"तू खरं सांगतेस ना?"

"अजून एक उपाय आहे," मी म्हणाले. हे खरं होतं. आणखीही एक उपाय होता, ज्याला सुई लागत नव्हती आणि वास येत नव्हता. तो एका वाक्याचा होता. ते वाक्य जिभेवर आलं, की मला शुक्रवारनंतरचं घर दिसायचं. एकच टूथब्रश, आणि पुढचा शुक्रवार नाहीच.

मग मी सुई घेतली.

गुरुवार होता. संध्याकाळचे बटाटे गॅसवर उकळत होते. मी तोराला बाहेरच्या खोलीत बसायला सांगितलं, पण ती दारात येऊन उभी राहिली. पिल्लू डाव्या हाताच्या बोटांत धरलं. कवटी कागदासारखी असेल असं वाटलं होतं. तशी ती नव्हती. सुई आधी अडली, मग एकदम आत गेली. कॉलेजात असताना मी मेंदूचे काप पाहिले आहेत, काचेखाली, रंगवलेले, सुंदर. हे तसं काही नव्हतं. दाबल्यावर एक पांढरट-गुलाबी थेंब वर आला, साईसारखा, आणि थांबला. मी तो बोटाने पसरवला, पिल्लाच्या नाकावर, बंद ओठांवर, गालांवर. बाळाचं तोंड पुसतात तसंच बोट फिरवत होते मी. फक्त पुसत नव्हते, माखत होते. तोंडात लाळ जमली. मी सिंकमध्ये थुंकले आणि परत आले.

"आई," तोरा अगदी हळू म्हणाली. "तू खूप चांगली आहेस."

ते मला त्या थेंबाहून जास्त असह्य झालं.

पिल्लू पेटीत धरलं. लाक्रिस सालीखालून बाहेर आला. त्याची जीभ एकदा, दोनदा, मग भराभर आत-बाहेर व्हायला लागली. त्याने ओठांना नाक लावलं. आणि अगदी सावकाश, चोरी करत असल्यासारखं, त्याने पिल्लाचं तोंड आपल्या तोंडात घेतलं.

तोराने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. आम्ही श्वास घेत नव्हतो. जबडा एका बाजूने पुढे सरकला, मग दुसऱ्या बाजूने. डोकं गेलं. खांदे अडले. दोन इवले हात बाहेर राहिले, बोटं पसरलेली, आणि मग तेही घडी होऊन आत गेले. शेवटी एक गुलाबी शेपटी तेवढी सापाच्या ओठांतून लोंबत होती. मला ओकारी आली आणि त्याच वेळी आनंदाने रडूही येत होतं. बटाटे उतू गेले तरी आम्ही दोघी हललो नाही.

"खाल्लं," तोरा पुटपुटली. "आई, खाल्लं. फोन करू बाबाला?"

"हळू. आता त्याला काही दिवस हात लावायचा नाही. जागचं हलवायचंसुद्धा नाही. हलवलं तर ओकतो."

हे मी बोलून गेले. मी निघताना सिक्स्टनने सांगितलं होतं, आणि मला ते लख्ख पाठ होतं. सापाचं पिल्लू एकदा ओकलं, की पुष्कळदा पुन्हा उभं राहत नाही.

तोराचे हात खाली आले. "पण उद्या शुक्रवार आहे."

लिफ्ट वर गेली. वाटीतलं पाणी थरथरलं आणि लाक्रिसने डोकं वळवलं.

"नेऊ नये ना मग?" ती म्हणाली. "मी पण थांबू का? पण शनिवारी योन्नाच्या आईकडे जायचंय. बाबाने केक सांगितलाय. नाही गेले तर तो मग..." तिने वाक्य सोडून दिलं आणि माझ्याकडे पाहिलं. उत्तर माझ्याकडे असतं.

त्या वेळी मी एवढंच म्हणायला हवं होतं, की तो रविवारपर्यंत इथे राहू दे. पण मग रविवारी त्याला का न्यायचं, असं कुणीतरी विचारलं असतं. मग त्याच्या पुढच्या शुक्रवारी का, असं. हेनिंग शांतपणे म्हणाला असता, बस, कॉफी घे, आपण दोघं बोलू. आणि आम्ही दोघं इतकं छान बोलतो.

"पेटीत गरम पाण्याची बाटली ठेवू," मी म्हणाले. "बाबाला हळू चालवायला सांगू. एवढ्याने काही होत नाही."

"नक्की?"

"नक्की."

शुक्रवारी मी बर्चच्या पेटीत मऊ कापड अंथरलं, बाटली गुंडाळून ठेवली आणि लाक्रिसला उचललं. त्याच्या अंगाच्या मध्यावर एक फुगवटा होता. बोटाला तो जाणवला, मऊ, गच्च, आता जरा पाघळलेला. हेनिंग दारात टाळ्या वाजवणार होता. तोराने त्याला दटावलं.

"खाल्लं महाराजांनी! दीसा, तुला बक्षीस द्यायला हवं. काय केलंस?"

"ते जेवायच्या आधी ऐकू नकोस," मी म्हणाले. "हळू चालव."

दार लागल्यावर मी भांडी घासली. चिमटा उकळला. एकटीसाठी मसाल्याचा खिमा गरम केला, कारण शुक्रवारी आम्ही टाकोच खातो, आणि बशीतल्या त्या ओलसर करड्या ढिगाकडे बघत बसले. घास उचलला नाही. फोन वाजला तेव्हा तो वाजणार हे मला माहीत होतं.

"दीसा," हेनिंग म्हणाला. त्याच्यामागे तोराचं रडणं ऐकू येत होतं. "ओकलाय. गाडीतच. मला कळत नाहीये काय करायचं. वास... देवा, हा वास कसला आहे?"

"हात लावू नका. येते मी."

बसने थोडाच वेळ लागतो. दार योन्नाने उघडलं. तिने स्वेटरची कॉलर नाकावर ओढली होती. मी बूट काढले आणि मोज्यांवर आत गेले. वास दारापासूनच होता. आंबलेलं दूध, तुंबलेली मोरी आणि त्याखाली काहीतरी गोड. नमुन्यांच्या वासाची मला सवय आहे, पण इथे मी तोंडाने श्वास घ्यायला लागले.

शांत खोलीत जमिनीवर बर्चची पेटी उघडी होती. कापडावर ते पडलं होतं. आता त्याला पिल्लू म्हणता आलं नसतं. लांबट, करडा, चकाकता लगदा, एका टोकाला कातडी विरघळून दात नसलेला जबडा उघडा पडलेला, भोवती पिवळसर पाण्याचं वर्तुळ कापडात पसरत चाललेलं. लाक्रिस त्यापासून शक्य तितका दूर, पेटीच्या कोपऱ्यात, त्या सुरेख सांध्याला नाक दाबून बसला होता. तोंडाच्या कडेला चिकट तार होती. अंग पुन्हा छपरासारखं.

हेनिंगच्या हातात किचन पेपरचा गठ्ठा होता. "मी उचलायला गेलो," तो म्हणाला, "आणि मग मला बाथरूममध्ये जावं लागलं." त्याचा चेहरा खरोखर पांढरा होता. "मी हळू चालवली, दीसा. शपथ. सायकली पुढे जात होत्या."

"तुझी चूक नाही."

मी कागद घेतला, गुडघ्यांवर बसले आणि ते कापडासकट गुंडाळलं. ते अजून कोमट होतं. कापडातून ते माझ्या तळव्यावर दबलं आणि त्यातलं काहीतरी फुटलं. मी पिशवीची गाठ मारली, दुसरी पिशवी चढवली, तिचीही गाठ मारली. मग लाक्रिसला दोन्ही हातांनी हलकेच उचलून काचेच्या पेटीत सोडलं. खोलीत कसलाच आवाज नव्हता. वाटीतलं पाणी स्थिर होतं.

तोरा भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. रडणं थांबलं होतं.

"तू म्हणालीस काही होत नाही," ती म्हणाली.

"हो."

"आणि त्याच्याआधी म्हणालीस की हलवलं तर ओकतो. दोन्ही तूच म्हणालीस. मी गाडीत तोच विचार करत होते." तिने बाहीने नाक पुसलं. "तुला माहीत होतं का?"

हेनिंग म्हणाला, "अगं, आईला कसं माहीत असणार? तिने एवढं..."

"हेनिंग, थांब," मी म्हणाले. "माहीत होतं. वाढदिवसापासून. तू नेटवर वाचलंस ते बरोबर होतं. सिक्स्टनने मला विचारलं, तेव्हा मी त्याच्याशी खोटं बोलले. प्रश्न वासाचा नव्हताच. आपण त्याला दर आठवड्याला उचलून नेत होतो, म्हणून तो खात नव्हता."

योन्ना दारात उभी होती. तिने कॉलर नाकावरून खाली घेतली होती. वासाचं तिला काही वाटेनासं झालं होतं, किंवा ती माझ्याकडे बघत असल्यामुळे विसरली होती. हेनिंगच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखते. मघाशी कापडाकडे बघताना तेच होतं.

"मग तू बोलली का नाहीस?" तोराने विचारलं. तिला उत्तर माहीत होतं. तिने ते केकसमोर स्वतःच दिलं होतं, आणि आता ते तिलाही आठवत होतं, कारण तिने मान खाली घातली आणि मोज्याचा धागा ओढायला लागली.

माझ्या हातांना वास येत होता. घरी जाऊन कितीही धुतले तरी उद्यापर्यंत तो राहील, हे मला ठाऊक होतं. मी हात मांडीवर पालथे ठेवले.

"लाक्रिस आता हलणार नाही," मी म्हणाले. "इथेच राहील, या खोलीत. आणि तो राहील तिथे तुला राहायचं असेल, तोरा, दोन्ही आठवडे, तर माझी हरकत नाही."